दुखण्याची चौकशी

सोमवार, १४ ऑगस्ट २०१७. अमरावती

अकोल्याच्या डॉ. इफ्फत मॅडमनी वही दिली आणि रोज लिही म्हणाल्या. काय लागलं, कुठं कापलं, कुठं भाजलं, कधी कळलं, कुणाला कळलं. रोज लिहिण्याइतकं मला लागत नाही. लागेल तेव्हा लिहीन.

आजचं: उजव्या मनगटाजवळ वाफेचा चट्टा, दोन बोटं रुंद. कुकरचा असावा. कधी झाला ठाऊक नाही. संध्याकाळी आईच्या हाताला लागला.

माझी माहिती पहिल्या पानावर पाहिजे म्हणाल्या होत्या, म्हणून: जयवंता शेषराव तायडे, वय एकोणतीस. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते आणि माइकवरून गाड्या सांगते. मला दुखत नाही. जन्मापासून नाही. हात लावला तर कळतं, गरम-गारही कळतं, पण ज्याला लोक दुखणं म्हणतात ते नाही. वासही येत नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेलीत. घोटे इतक्यांदा मोडून जुळलेत की उंच चामडी बुटांशिवाय चालता येत नाही. नोकरी अपंगांच्या जागेवर मिळाली ती घोट्यांमुळे. न दुखण्यासाठी त्या फॉर्मवर रकाना नव्हता.

लोक म्हणतात, मजा आहे बाई तुझी. मीही तसंच समजते.

शनिवार, २६ ऑगस्ट

आईची तपासणी रोज साडेसातला. मी पलंगावर बसते, ती टाळूपासून तळव्यापर्यंत मला बघते. मी नऊ वर्षांची असल्यापासून एक दिवस खाडा नाही. बाबा वारले त्या दिवशीसुद्धा पाहुणे बाहेर बसलेले असताना तिनं मला आत नेऊन पाहिलं होतं.

पूर्वी टॉर्च घ्यायची. हल्ली बोटांनीच चाचपते. सेल महाग झालेत म्हणते. बोटांना वेळ लागतो आणि माझी मालिका बुडते. आज मी चिडले तर म्हणाली, "तुह्या मालिकेतली बाई उद्या बी रडनच. बस चुपचाप."

या तपासणीचं कारण संघपाल आहे, हे मला कळतं. तो माझा मोठा भाऊ. त्यालाही दुखत नव्हतं. बारा वर्षांचा असताना त्याचं पोट फुगलं. आई विचारायची, दुखते का? तो म्हणायचा, नाही. शाळेत गेला, चेंडू खेळला. चौथ्या दिवशी ताप चढला आणि दवाखान्यात नेईपर्यंत अपेंडिक्स फुटून दोन दिवस झालेले होते. मी तेव्हा नऊ वर्षांची. मला आठवतं ते एवढंच की तो शेवटपर्यंत अगदी नीट बोलत होता.

शुक्रवार, ८ सप्टेंबर. अकोला

सकाळच्या गाडीनं आईला घेऊन आले. रक्ताचा रिपोर्ट आलाय. मॅडम आमच्याच भागातल्या, जुन्या अकोल्यातल्या, त्यामुळं आईशी बोलायला त्यांना दुभाषा लागत नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. दुखणं वाहून नेणाऱ्या नसांना एक दार असतं. माझ्यात ते जन्मतःच बंद आहे. पण तेवढंच नाही. प्रत्येकाच्या शरीरात अफूसारखं एक द्रव्य तयार होतं, शरीर आपणच बनवतं, त्या नसांमध्येसुद्धा. मार लागला की ते दुखणं आवरतं. माझ्या नसांत हे द्रव्य गरजेपेक्षा खूप जास्त तयार होत असावं.

मी विचारलं, "म्हणजे मी जन्मापासून नशेत आहे?"

मॅडम हसल्या. आई नाही हसली. "माही लेक अफूबिफू काही खात नाही," म्हणाली.

"खात नाही वो मावशी, तिचं अंगच बनवते. तुमचंही बनवते, माझंही. हिचं जरा जास्त."

जास्त अफू घेतलेल्या माणसाची अफू उतरवायचं एक इंजेक्शन असतं. बाहेरदेशात एका बाईला ते दिलं तर तिला आयुष्यात पहिल्यांदा दुखलं. मॅडमना माझ्यावर ते करून बघायचंय. दोन दिवस भरती व्हायचं. इंजेक्शन थांबवलं की परिणाम उतरतो. दवाखान्याच्या समितीनं परवानगी दिलीय.

मग त्यांनी विचारलं, आईबाबांचं लग्न नात्यातलं का? बाबा म्हणजे आईच्या सख्ख्या मामाचा मुलगा. आई म्हणाली, "मंग माहाच दोष झाला का?"

"दोष कुणाचाच नाही, मावशी. दोघांकडून अर्धं अर्धं आलं. तुम्हाला माहीत असायचं काहीच कारण नव्हतं."

मी फारशी उत्सुक नव्हते. न दुखणाऱ्या बाईनं दुखवून का घ्यावं? पण आईनं माझ्याआधी हो म्हटलं. "करा. या महिन्यातच करा," म्हणाली. इतकी घाई तिला कसली, कळलं नाही. तारीख मिळाली सहा ऑक्टोबर.

गुरुवार, २१ सप्टेंबर

खिडकीत चार तास. परतवाड्याची गाडी दोनदा रद्द झाली, लोक माझ्यावरच ओरडले. दुपारी फलाटाची पायरी चुकून उजवा पाय वाकडा पडला. उठले आणि चहाला गेले. काही नाही.

खुशालराव, आमचे वाहतूक नियंत्रक, आज कामावरच लादीवर लोळले. मूतखडा. घामाने भिजले होते, तोंड पांढरं पडलं होतं. मी त्यांच्याजवळ बसून विचारलं, नेमकं काय होतं? टोचल्यासारखं की दाबल्यासारखं? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ते म्हणाले, "जयवंता, तू येथून जाय." लोकांना राग का येतो कळत नाही. साधा प्रश्न होता.

रात्री आई उजव्या घोट्यावर बराच वेळ थांबली. "गरम लागून रायला." मी म्हटलं, दिवसभर बुटात असतो, गरम होणारच.

शनिवार, ३० सप्टेंबर

अशोक विजयादशमी. आई यंदा दीक्षाभूमीला गेली नाही. मला आठवतं तेव्हापासून एकदाही चुकली नव्हती. "गर्दीत पाय ठरत नाही आता," म्हणाली. गुडघे असतील. वस्तीतल्या बाया बोलवायला आल्या होत्या, त्यांना तिनं दारातूनच परत पाठवलं. आवाज ऐकून एकेकीचं नाव घेतलं, पण मैनाला शालिनी म्हणाली. मैना आज काहीच बोलली नव्हती.

चहा गाळताना आईचं बोट कपाच्या आत होतं. भाजेल ना, म्हटलं. हे मी तिला सांगावं म्हणजे गंमतच.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर. अकोला

परत पाठवलं. खाट नाही. कपाशीवर फवारणी करताना विष अंगात गेलेले शेतमजूर रोज येताहेत, व्हरांड्यातसुद्धा गाद्या टाकल्यात. मॅडम दोन रात्री घरी गेल्या नव्हत्या. नोव्हेंबरची तारीख दिली.

बस सुटायला वेळ होता म्हणून व्हरांड्यात थांबलो. पार्बताबाई नावाची मूर्तिजापूरकडची बाई नवऱ्याच्या उशाशी बसली होती. फवारणीचं पाणी त्याच्या तोंडावर उडालं, दोन्ही डोळ्यांना पट्ट्या. आई तिच्याजवळ खाली बसली ती उठेचना. "डोळे येतीन ना परत?" तिनं विचारलं. पार्बताबाई म्हणाली, येतील असं डॉक्टर म्हणतात. आईनं पुन्हा विचारलं, "किती दिवसानं येतीन?" मग पुन्हा, "थेंब टाकतात का?" त्या बाईला स्वतःचं दुःख काय कमी होतं. मी आईला ओढून गाडीत आणलं.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

दिवाळीत एसटीचा संप, त्यामुळं घरी. पाय वर करून पडून राहिले. उजवा बूट घालायला जरा घट्ट होतो. चामडं आटलं असेल.

तांदळात खडे लागले, दोनदा. आईनं निवडलेल्या तांदळात.

बुधवार, २२ नोव्हेंबर. अकोला

भरती झाले. आई सोबत. साक्षीदार म्हणून तिची सही घेतली. ती रेघ सोडून छापील ओळींवर गेली. घाईत केली असेल. अंगणवाडीत कामाला होती तेव्हा रजिस्टरमधल्या तिच्या सह्या मोत्यासारख्या असायच्या.

तपासताना मॅडमनी घोटे पाहिले, सुजल्यासारखे वाटतात म्हणाल्या. आई म्हणाली, "ते तसेच रायतात." खरंच तसेच असतात.

दोन दिवसांपैकी एका दिवशी नुसतं मिठाचं पाणी आणि एका दिवशी औषध. कोणतं कधी, आम्हाला सांगणार नाहीत. तळहातावर एक छोटं यंत्र ठेवतात, त्यातून उष्णतेचा चटका बसतो. मी शून्य ते दहा सांगायचं. आज सगळे शून्य. शेवटी मी म्हटलं, गाड्यांचे नंबर सांगितल्यासारखं वाटतंय.

आई रात्री जेवली नाही.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी सव्वादहाला हाताला नळी लावून सुरू केलं. बराच वेळ शून्य. मग एका चटक्याला मी थांबले. शून्य म्हणता येईना. "एक," म्हणाले. मॅडमनी वर पाहिलं आणि आकडा लिहून घेतला. पुढं दोन, पुन्हा दोन, मग चार. चटका येण्याआधी माझा हात मागं सरकायला लागला. मी सरकवत नव्हते.

आईनं विचारलं, "दुखून रायलं? खरंच?" तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हसत होती आणि रडत होती. "दुखलं वं माह्या लेकीले!" सिस्टर दारातून बघायला आली.

मग पाय. त्याला कुणी हात लावला नव्हता. आधी वाटलं, कुणीतरी उजवी टाच मुठीत धरलीय. खाली पाहिलं तर कुणीच नाही. हलवला तर वाढलं. उशीवर ठेवला तरी तेच. जिथं ठेवावा तिथं ते पाठोपाठ यायचं. मी त्याच्यापासून दूर होऊ शकत नव्हते, कारण ते माझ्यातच होतं. लोक याच्यासकट कसे बोलतात, चालतात, तिकिटं काढतात?

तोंडातून निघालं, "अवं माय!"

हे शब्द मी आयुष्यभर ऐकलेत. माझ्या तोंडून आपोआप कधी आले नव्हते.

आई म्हणाली, "ओ? काय वं?"

मी हाक मारली असंच तिला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं.

पुढची वीस मिनिटं मॅडम पायावर एकेक बोट ठेवत विचारत होत्या. इथं? इथं? आई ऐकत बसली होती. मग म्हणाली, "पुरे आता." मग उठून मॅडमचा हात शोधून धरला, "बंद करा वो मॅडम. तिले दुखून रायलं. बंद करा."

मी म्हटलं, राहू द्या. शहाणपणानं नाही म्हटलं. एकदा गेलं की कुठं होतं ते मला सापडणार नाही, अशी भीती वाटली. मॅडमनी पेनानं टाचेच्या बाहेरच्या बाजूला गोल काढला, तेव्हा मी हो म्हटलं. नळी बंद केली. तासाभरात टाच पुन्हा मुकी झाली. निळा गोल तेवढा राहिला.

गोलाचा एक्स-रे काढला. हाड तडकलेलं होतं, दोन्ही तुकडे सरकलेले. मॅडम म्हणाल्या, दीड-दोन महिने तरी झालेत. तू यावर चालत होतीस. अजून महिनाभर चालली असतीस तर पाय वाचवणं कठीण होतं.

एकवीस सप्टेंबर. फलाटाची पायरी. वही उघडून त्यांना दाखवली.

मग मॅडम आईकडं वळल्या. "मावशी, एवढं काळंनिळं झालं असेल तेव्हा. दिसलं नाही?"

आई म्हणाली, "नाही दिसलं."

मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. मग तिच्या तोंडासमोर तीन बोटं धरली. "किती?"

आई म्हणाली, "दोन." थोडं थांबून म्हणाली, "चार." मग मान खाली घातली.

सोमवार, २७ नोव्हेंबर. अमरावती

गुडघ्यापर्यंत प्लास्टर. घरी.

चार दिवस मी आईशी धड बोलले नाही. आज भांडलो. मी म्हटलं, दोन महिने मी मोडक्या पायावर फिरले आणि तू सांगितलं नाहीस. किती दिवसांपासून दिसत नाही?

"उजव्यानं दोन वर्सांपासून नाही. डाव्यानं धुक्यातल्यावानी."

"काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तू मले तपासू दिलं असतं का?"

नसतं दिलं. ती म्हणाली, "मले वाटलं, बोटं शिकतीन. निंगतो नं आपण अंधारात बी घरातल्या घरात. त्या दिवशी गरम लागलं होतं मले. तू म्हटलं बुटानं. मी म्हटलं असन बुटानं. माह्यावर भरोसा नव्हता रायला मले."

तिला किती दिसत नव्हतं, ते मी ही वही मागं उलटून वाचली तेव्हा कळलं. सेल, तांदूळ, मैना, कप. सगळं मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात.

खुशालरावांना फोन केला. म्हटलं, तुमच्या मूतखड्याच्या वेळी मी काहीतरी विचारलं होतं, चुकलं. ते म्हणाले, "जाऊ दे वं. प्लास्टर केव्हा निंगते?"

मंगळवार, १२ डिसेंबर

आईला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. मी कुबड्यांवर, ती माझ्या खांद्याला धरून. रिक्षावाल्याला कुणाला आधी चढवावं समजेना. उजवा डोळा काचबिंदूनं गेला. तो येणार नाही. डाव्यात मोतीबिंदूही आहे आणि काचबिंदूही. मोतीबिंदू काढता येईल, बाकी थेंबांवर जितकं टिकेल तितकं. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आला असता तर.

आई म्हणाली, "तवा हिच्या बुटाची तारीख होती." बाहेर आल्यावर विचारलं, बुटाच्या तारखेचं काय? नवे बूट बनवायला आम्ही नागपूरला गेलो होतो आणि त्याच आठवड्यात तिच्या डोळ्यांचं शिबिर होतं. मला सांगितलंच नव्हतं.

गुरुवार, ११ जानेवारी २०१८

आईचं ऑपरेशन झालं. दुपारनंतर भूल उतरली. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती, पायाची बोटं आवळत होती. मी पूर्वी हे पाहिलं असतं तर पाय गार पडले असं समजून चादर टाकली असती. सिस्टरकडं गेले, गोळी मागितली. सिस्टर म्हणाली सहाला देते. पावणेपाचला पुन्हा गेले, पाचला पुन्हा. सव्वापाचला दिली.

गोळी लागू होईपर्यंत बसून राहिले. काही विचारलं नाही.

शनिवार, २७ जानेवारी. अकोला

प्लास्टर काढलं. हाड जुळलंय, वाकडं.

मॅडमनी पुढचं सांगितलं. त्याच जातीचं औषध गोळ्यांत मिळतं. रोज घेतलं तर थोडंफार जाणवेल का, ते कुणालाच ठाऊक नाही. दोन-तीन महिने बघायचं. समितीची परवानगी आलीय. यकृताची तपासणी दर महिन्याला. "मी हमी देत नाही, जयवंता. काहीच होणार नाही असंही होऊ शकतं. आणि झालं तर ते जुन्या घोट्यांपासूनच सुरू होईल, हेही ऐकून ठेव."

आई म्हणाली, "नको."

मी तिच्याकडं पाहिलं. सप्टेंबरात घाई करणारी हीच.

"मी पायलं ना ते वीस मिनिटं. आता मले दिसते एका डोयानं. मी हाय ना. नका देऊ तिले काही."

मी म्हटलं, "माय, तुझा तो एक डोळा माझ्यापायी खर्चायचा नाही."

जरा कडक झालं. पण मॅडमसमोरच नीट बोलले. दुखणं मला आवडलं असं नाही. त्या गुरुवारची आठवण झाली तरी मी पाय जवळ ओढून घेते. पण आतापर्यंत माझं दुखणं आईनं सांभाळलं, आणि ते तिच्यानं आता होणार नाही. आरसा घेऊन मी रोज स्वतःला तपासते, पण मी आळशी आहे, हे या वहीवरूनच दिसतं. मला टोकणारं कुणीतरी पाहिजे.

फॉर्म आईला मोठ्यानं वाचून दाखवला, माइकवर वाचते तसा, स्पष्ट. तिनं शेवटपर्यंत ऐकला. "कुठं करू सही?" म्हणाली. मी बोट ठेवलं. बोटाला लागून तिनं सही केली.

बुधवार, १४ फेब्रुवारी

गोळीचा नववा दिवस. मळमळ. झोप तुटक. बाकी शून्य. आई रोज विचारते. आमच्या घरात आता साडेसातला दोन तपासण्या होतात: मी तिच्या डोळ्यात थेंब टाकते, ती माझे पाय बघते, डाव्या डोळ्याजवळ नेऊन, जणू तांदूळ निवडतेय. "तू आरसा घेतला म्हणून मी काहून सोडू?" म्हणते.

रविवार, ४ मार्च

कामावर रुजू होऊन आठवडा झाला. शून्य. मॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, घेत राहा, आणि खोटं लिहू नकोस.

मंगळवार, २० मार्च

दुपारी दोनच्या सुमारास अकोला विनाथांबाची घोषणा करत होते. अर्ध्यात थांबले. डाव्या बुटात काहीतरी होतं.

पूर्वीही बुटात काही गेलं तर कळायचं, पण त्यात थांबण्यासारखं काही नसायचं. चालत राहायची, मग संध्याकाळी आईला जखम सापडायची. आज मात्र ते गप्प बसू देत नव्हतं. याला दुखणं म्हणावं का, ठाऊक नाही. खुपत होतं. एखाद्याचं बोलणं खुपलं असं आपण म्हणतो, तेवढ्यापुरताच मी तो शब्द वापरला होता.

माइक खुशालरावांकडं दिला, खुर्चीवर बसून बूट काढला. खडा होता. पायावर लाल ठिपका, कातडी फाटलेली नाही. वेळ दोन वाजून सात मिनिटं. कुणाला कळलं: मला.

खुशालरावांनी माइक हातानं झाकून विचारलं, "काय झालं?"

"खडा," म्हटलं.

"मंग इतकं काय पाहून रायली त्याच्याकडे? गाडी चालली."

संध्याकाळी आईच्या तळहातावर ठेवला. तिनं तो डाव्या डोळ्याजवळ नेला, मग बोटांत फिरवला. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा.

"एवढासा?"

"हो."

"अन् तुले कळला?"

"हो, माय."

तिनं थोडा वेळ धरून ठेवला. मग खिडकीतून बाहेर फेकला आणि म्हणाली, "पाय धुऊन ये. भाकरी थंडी होऊन रायली."